पुठ्ठ्याखालची ओळ

टीव्हीच्या खालच्या कडेला मी बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटवते,
कारण तिथे रशियन अक्षरं उमटतात
आणि मुलांचे डोळे पाण्यासारखे, उताराकडेच धावतात.
आता वाचायचं नाही, म्हणते. आता फक्त कान.
नववी ब. नारिनमधला फेब्रुवारी.
कोळशाची शेगडी एका कोपऱ्यापुरतीच उबदार,
त्या कोपऱ्यावर मुलींचा कब्जा.

दोन मिनिटं दहा सेकंदांचा तुकडा.
एक बाई स्वयंपाकघरात, पाठमोरी, बशा विसळतेय.
दारात तिचा मुलगा, अंगात कोट.
तो काही विचारतो, ती काही सांगते, नळ चालूच.
एवढंच. कुणी मरत नाही, गाडी उडत नाही.
तालांत निराश होऊन टोपी डोळ्यांवर ओढतो.

पहिल्या खेपेला वर्गाच्या हाती लागले तीन शब्द:
मदर, नो, आणि सैकालच्या मते चिकन.
चिकन नव्हतं, किचन होतं.
पण हसू फुटलं, आणि ते शेवटच्या बाकापर्यंत पोचलं,
शेगडीला जे कधी जमलं नाही.

मी फळ्यावर लिहिते: व्हॉट आर यू गोइंग टू डू.
सहा शब्द, सहा खुर्च्या, प्रत्येकीवर एकेक ताठ बसलेला.
मग तुकडा लावते. मुलगा म्हणतो: वॉचा गना डू.
'एजेके, बाकीच्या खुर्च्या कुठे गेल्या?'
गिळल्या, मी म्हणते. घाईतला माणूस शब्द चावत बसत नाही.
आपल्या पुस्तकातली माणसं मात्र चावून चावून बोलतात,
लंडनची गाडी किती वाजता सुटते ते विचारतात.
वीस वर्षं मी त्यांना तेच विचारू दिलं.

चौथ्या वेळी टीव्हीवर माझी शाल टाकली.
नुसता आवाज.
नळ. बशीवर बशी. कुठेतरी कुत्रं,
नाही, ते आपलं, बाहेरचं.
गाळलेली जागा क्रमांक सात: बाई काय म्हणते?
पेन्सिली थांबल्या.
तिथे ती पाण्याशी बोलते, लेकाशी नाही,
आणि खरं सांगायचं तर मलाही ती ओळ
छापील कागद बघूनच कळली होती.

'आयम फाइन. डोन्ट वेट... नाही. डोन्ट वरी.'
मागून कुबात.
कुबात, ज्याच्या वहीत वर्षभर घोडेच आहेत,
ज्याला हॅव काय नि हॅज काय, सगळं सारखंच.
परत लावलं. बरोबर होतं.
कसं ऐकलंस रे?
खांदे उडवले त्याने. 'आई असंच बोलते.'
इंग्रजी?
'छे, आपलंच. मॉस्कोहून. रात्रपाळी संपली की.
शब्दांचे शेवट टाकून देते ती, मधे लाइन पण तुटते.
सुरुवात धरायची, पुढचं आपण भरायचं.'
मग जरा थांबून, घोड्याच्या आयाळीवर पेन्सिल फिरवत:
'आणि ठीक आहे म्हणायच्या आधी
ती श्वास घेते. या बाईनेही घेतला.'

परत लावलं.
अठ्ठावीस जणांनी एक श्वास ऐकला.
तालांतची टोपी वर गेली होती, कधी ते मी पाहिलं नाही.

परीक्षेत सातव्या जागेला एक गुण आहे,
तो शब्दांचा. श्वासासाठी रेघ आखलेली नाही,
मी शाईने आखली, मग वाटलं, कशाला,
आणि तशीच राहू दिली.

मधल्या सुट्टीत पुठ्ठा काढला.
काचेवर चिकटपट्टीचा ओरखडा राहिला,
त्याच्यामागे थिजलेली रशियन ओळ: 'सगळं छान चाललंय.'
भाषांतर करणाऱ्याला नळ ऐकू गेला नसावा.

शेगडीपाशी आता मुली नव्हत्या.
कुबात उभा होता, एका कानाला फोन,
दुसऱ्या कानात बोट घट्ट घातलेलं.
इथे दहा. तिकडे सात वाजले असतील.